काकू घरीच आहेत

आमच्या समोरच्या घरात काजवाल्या काकू राहतात. त्यांना खरं नाव आहे, पण ते फक्त विजेच्या बिलावर येतं. त्या बटणांची काजं करतात. यंत्रावर झटपट काज होतं हे खरं, तरी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे अजून अशी गिऱ्हाइकं आहेत ज्यांना कोटाचं काज हातचंच लागतं. मग तो कोट काकूंच्या खिडकीत येतो. काकू कापड मांडीवर ओढतात, नखानं रेघ धरतात आणि कात्री चालवण्याआधी श्वास रोखतात. त्या क्षणी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. एरवी तुम्ही त्यांच्या घरात गात बसलात तरी त्यांची हरकत नसते.

गाणारी व्यक्ती घरात आहेच. ती त्यांची नात. दिवसभर तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत असते म्हणून सगळा जिना तिला भुणभुण म्हणतो. तिची आई, म्हणजे काकूंची लेक, आजारात गेली. बापानं दुसरा संसार थाटला. काकू एक दिवस जाऊन पोरीला घेऊन आल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी काजं करायला बसल्या.

या पोरीसाठी सरकारी ऑफिसातून दरमहा रोख मदत मिळते. हे सगळ्या जिन्याला ठाऊक होतं आणि कुणालाही ठाऊक नव्हतं. ऑफिसात जायचं असलं की काकू चपला पुसत, ठेवणीतले कपडे घालत आणि दार ओढताना म्हणत, "दोरा आणायला चाललेय गं." दोऱ्यासाठी कुणी इतका नट्टापट्टा करत नाही. पण त्या परत आल्या की माझी आई न चुकता विचारायची, "मिळाला का मनासारखा रंग?" काकू क्षणभर विचार करून सांगायच्या, "राखाडी मिळाला. पण जरा फिकाच आहे." आई मान डोलवायची. हे वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि दोघींपैकी एकीलाही कधी हसू आलं नाही.

मग काकूंची थोरली बहीण न्हाणीघरात घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. ती दुसऱ्या गावात एकटी राहते, तिला उठवायला-बसवायला कुणी नाही. काकूंना जाणं भाग होतं. इकडे भुणभुणची परीक्षा तोंडावर आलेली. आईनं विचारायचीही वाट पाहिली नाही. पोरीची उशी उचलून आमच्याकडे आणली आणि म्हणाली, "तुम्ही निघा. ही माझ्याकडे राहील." काकूंनी जाण्याआधी मात्र पुन्हा एकदा दोरा आणला.

त्या गेल्या, आणि काही दिवसांतच ऑफिसच्या तपासनीस बाई आल्या. खांद्याला पिशवी, कपाळावर घाम, जिने चढून दमलेल्या. काकूंच्या दाराला कुलूप पाहून त्यांनी आमची बेल वाजवली.

"समोरच्या आजी कुठे आहेत?"

आईनं बाईंच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं. ती नंतर सांगत होती की तिला एवढंच सुचलं: घर बंद दिसलं तर पोरीचे पैसे बंद होतील.

"काकू? घरीच आहेत," आई म्हणाली.

"कुलूप आहे."

"म्हणजे आत्ता नाहीत. आत्ता बाजारात गेल्यात. एरवी घरीच असतात."

"गावाला वगैरे गेलेल्या नाहीत ना?"

"छे हो! त्या कुठल्या जातायत? जिना उतरायचा म्हटला तरी त्यांच्या जिवावर येतं."

एवढ्यात आईच्या मागून भुणभुण आली, एक वेणी घातलेली, एक सुटी.

"ही आजींची नात ना? इथे राहते?"

"इथे कशाला राहील? वेणी घालून घ्यायला आलीय."

भुणभुणनं तोंड उघडलं. आईनं तिच्या तोंडात कंगवा दिला, "धर जरा."

ते कमी होतं म्हणून की काय, वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका जिना उतरत होते. त्यांनी संकट ओळखलं आणि न थांबता मदत केली. "काकूंना विचारताय? आत्ताच खाली दिसल्या. हातात भाजीची पिशवी होती."

तपासनीस बाईंनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं, काहीतरी टिपून घेतलं आणि पाणीही न पिता निघून गेल्या. आईनं त्या दिवशी लढाई जिंकल्यासारखा चहा केला. ड्रायव्हरकाका दोन कप प्यायले.

काकू परतल्या तेव्हा मदत थांबलेली होती. त्या ऑफिसात जाऊन आल्या आणि थेट आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. या वेळी त्यांनी दोऱ्याचं नाव काढलं नाही.

"मी सांगून गेले होते गं," त्या म्हणाल्या. "घर सोडून थोडे दिवस जावं लागलं तर चालतं त्यांना. का जाताय, पोरगी कुणाजवळ राहील, कधी परत याल, एवढं आधी कळवायचं. मी सगळं कळवलं होतं. पोरगी तुझ्याकडे राहील म्हणून तुझं नावसुद्धा सांगितलं होतं."

आई ओट्याला टेकली.

"आता ते म्हणतात, तुम्ही म्हणता गावाला गेले होते, शेजारी म्हणतात कुठे गेलाच नाहीत. तुम्ही म्हणता पोरगी समोर ठेवली, समोरची म्हणते आमच्याकडे राहतच नाही. मग पोरगी राहते तरी कुठे? तुमच्याकडे राहते हे तरी कशावरून खरं?" काकूंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "तिचं सगळं त्यावरच आहे गं. माझ्या काजांवर आम्हा दोघींचं भाडंही सुटत नाही."

"मग मला सांगायचं ना, कळवलंय म्हणून!" आई एकदम उसळली. चूक झाली की ती आधी उसळते.

"कशी सांगणार? तुला मदतीचं माहीत कुठे होतं?"

आईनं ओट्यावरचं फडकं उचलून पिळायला घेतलं.

"होतं?"

"सगळ्या जिन्याला माहीत आहे, काकू."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "मग मेले, रंग कशाला विचारत होतीस?"

"मग काय विचारणार होते?"

आतल्या खोलीतून भुणभुणचं पाठांतर चालीवर ऐकू येत होतं.

ऑफिसनं खुलाशाला बोलावलं त्या दिवशी आई आणि ड्रायव्हरकाका काकूंबरोबर गेले. मीही गेले, कारण आईला एकटीला सोडणं धोक्याचं होतं. तिथल्या साहेबांना सर्दी झाली होती. तपासनीस बाई बाजूला बसल्या होत्या. आईनं सुरुवात काकूंच्या स्वभावापासून केली, तिथून ती बहिणीच्या हाडावर आली, तिथून जिन्याच्या कठड्यावर.

"बाई," साहेब रुमालाआडून म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी सांगितलं ते खरं की खोटं?"

माझी आई भाजी खारट झाली तरी दोष मिठाला देते. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"खोटं," ती म्हणाली. "काकू गेल्या होत्या. पोरगी माझ्याकडे होती. माझ्या शेजारी झोपायची. लाथा मारते झोपेत, हवं तर बरगडी दाखवते."

"नको. खोटं का बोललात?"

"त्या घरात नाहीत म्हटल्यावर तुम्ही पैसे बंद कराल असं वाटलं."

"कामासाठी कुणी गावाला गेलं म्हणून आम्ही बंद करत नाही. घर तेच असलं आणि माणूस परत येणार असलं की झालं. लपवलं की मात्र आम्हाला शंका येते."

"हे मला कसं कळणार? आमच्यात हा विषयच निघत नव्हता."

तपासनीस बाई ड्रायव्हरकाकांकडे वळल्या. "आणि तुम्ही त्यांना भाजीच्या पिशवीसकट पाहिलं होतं."

"पिशवी नक्की पाहिली होती," काका म्हणाले. "बाई दुसरी असेल."

तपासनीस बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. साहेबांनी काकूंच्या बहिणीचे दवाखान्याचे कागद पाहिले, शाळेत फोन लावून पोरीचा पत्ता विचारला, आणि मदत पुन्हा सुरू करायला सांगितली, थांबलेल्या महिन्यासकट. उठताना ते काकूंना म्हणाले, "आजी, पुढच्या वेळी आम्हाला कळवा, आणि यांनाही कळवा."

पुढची वेळ लवकरच आली. बहिणीला आता काठी घेऊन चालायला शिकायचं होतं. काकू ऑफिसात जाऊन आल्या आणि तशाच आमच्याकडे आल्या. त्यांनी आईला सगळं सांगितलं: कधी परतणार, ऑफिसात कुणाशी बोलल्या, मदतीतून पोरीचं काय काय भागतं. सांगता सांगता पोरीच्या बुटांच्या खर्चापाशी येऊन त्या थांबल्या, कपातल्या चहाकडे बघत राहिल्या, मग बुटांचंही सांगितलं. आईनं मधे एकदाही तोंड घातलं नाही. तिच्या बाबतीत हे मोठंच होतं.

निघताना काकूंनी भुणभुणच्या डोक्यावरून हात फिरवला. मग दारात वळून म्हणाल्या, "कुणी विचारायला आलं तर?"

"खरं सांगेन," आई म्हणाली. "पण लवकर या. मला फार दिवस नाही जमायचं."