डाव्या चाकाचं वंगण

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहा संपवा. मागच्या वेळी ही हकिकत सांगताना गोविंदपंतांच्या उपरण्यावर चहा सांडला आणि बोल मला लागला. डोंबिवलीला माझ्या मुलीच्या, जानकीच्या, सासरी मी जो घोळ घालून आलो, तो तिथली माणसं अजून पाहुण्यारावळ्यांना सांगतात. सांगताना पदरचं बरंच घालतात. म्हणून म्हटलं, खरं काय ते माझ्याच तोंडून ऐका.

आमची दमणी, म्हणजे छताची बैलगाडी, तुमच्यापैकी काहींनी पाहिली नसेल, पण ऐकली सगळ्यांनी आहे. कल्याणात त्या काळी दोनच आवाज लांबून ओळखू येत. एक आगगाडीची शिटी आणि दुसरा आमच्या दमणीचं डावं चाक. कुईं… खट्. कुईं… खट्.

मी शाळाखात्यात दिपोटी. खेडोपाडीच्या शाळा तपासत फिरायचं, हे काम. त्यामुळे ती गाडी जितकी चालली तितकी जिल्ह्यात दुसरी चालली नसेल. तिचे आरे बदलले, लोखंडी धावा बदलल्या, छत तर किती वेळा बदललं, देव जाणे. पण नवी गाडी काही घेतली नाही. शेजारचे गोविंदपंत म्हणायचे, "दिपोटी, मूळ गाडीतलं आता एक ओरडणंच तेवढं शिल्लक आहे."

ते ओरडणं मात्र जपून ठेवलेलं होतं. जानकीच्या आईचा हुकूमच होता की डाव्या चाकाला वंगण घालायचं नाही. संध्याकाळी गाडी तळ्याच्या वळणावर आली की तिला घरात ऐकू येई आणि ती भात चुलीवर चढवी. मी अंगणात उतरून जोडे काढता काढता विचारी, "भात झाला का?" आतून उत्तर येई, "पानं घेतली आहेत." आमच्या पिढीत नवराबायकोचं चारचौघांत याहून जास्त बोलणं होत नसे. आम्हाला तेवढं पुरत असे.

पुढे ती गेली. माझी थोरली बहीण, आक्का, घर सांभाळायला आली. आक्काचा स्वयंपाक चांगला होता, पण माझंच जेवणावरचं मन उडालं होतं. ती म्हणायची, "तू जेवत नाहीस रे, नुसता पानाची राखण करतोस."

अशात जानकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा रिवाज. सातव्या महिन्यात तिला आणायचं म्हणून मी विचारायला गेलो, तर विहीणबाईंनी अंगणातल्या दमणीकडे एकदा पाहिलं.

"ह्या खटाऱ्यातून?" त्या म्हणाल्या.

"गाडी मजबूत आहे."

"गाडी मजबूत असेल हो, पण सून नाजूक आहे. तुमची गाडी निघाली की आमच्या गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहतात. नवी गाडी आणा, नाहीतर बाळंतपण इथेच होईल. तसंही तिकडे तिची आई नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं, पण म्हटलं. मी उठलो. आगगाडी त्या वेळी डोंबिवलीवरून धडधडत जाई खरी, पण थांबत नसे. त्यामुळे तोही मार्ग नव्हता. जानकी घरी आली नाही तर ते घर कायमचं गप्प होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि नवी गाडी घ्यायची, म्हणजे ही विकायची. तेही मला जमेना.

गोविंदपंत म्हणाले, "अहो, मोडीत काढा आता."

"दुरुस्त करतो," मी म्हटलं.

सुतार बोलावला. नवा आख बसवला, दोन्ही चाकं उतरवून पुन्हा चढवली, छताला नवं कापड लावलं, आत जाड गादी घातली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच डाव्या चाकाला भरपूर वंगण घातलं. अंगणात ढकलून पाहिली, तर मांजर चालावं तशी गेली. मी डोंबिवलीला निरोप धाडला: गाडी दुरुस्त केली आहे, आवाज करीत नाही, अमक्या दिवशी न्यायला येतो.

त्या दिवशी सकाळी गाडीवान धर्माने बैल जुंपले. मी आत बसलो. धर्माने हाक दिली.

बैल उभेच.

पुन्हा हाक दिली, शेपटी पिळली, चुचकारलं. दोघेही मान वळवून मागे बघत आणि पुन्हा समोर बघत उभे. गाडी जोडायचीच राहिली आहे आणि धर्मा उगाच घाई करतो आहे, असा त्यांचा चेहरा.

"सायेब, बैलांना कोनाची तरी नजर लागली हाय," धर्मा म्हणाला. त्याने मिरच्या ओवाळून जाळल्या. त्याला आणि मला ठसका लागला, बैलांना काही नाही.

ओट्यावरून गोविंदपंत म्हणाले, "बैलही जुने झाले, दिपोटी. तेही बदला. मग बदलायचे तुम्ही तेवढे राहाल."

शेवटी धर्माने पुढून ओढायचं आणि मी मागून ढकलायचं, असं करत आम्ही गावाबाहेर आलो. पोराबाळांची मिरवणूक मागे होतीच. वेशीजवळच्या विहिरीवर एक बाई रहाटाने पाणी काढत होती. रहाट कुरकुरला, कुईं… कुईं… आणि बैलांनी कान टवकारले. काय झालं ते कळायच्या आत ते चालू लागले. मी धावत जाऊन गाडीत चढलो. विहीर मागे पडली, रहाट ऐकू येईनासा झाला, आणि बैल पुन्हा उभे.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्या जोडीने जन्मात त्या आवाजाशिवाय पाऊल टाकलेलं नव्हतं. आवाज असला तर गाडी चालते आहे; नसला तर थांबायचं. इतका सरळ हिशेब माझ्या तपासणीत कुठल्या शाळेला आला नव्हता.

खाली उतरून चाकाचं वंगण पुसलं, माती चोळली. पण सुताराने काम असं चोख केलं होतं, की चाक तोंडातून शब्द काढीना. ऊन चढत होतं. मग मी इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हटलं, "कुईं… खट्."

बैल निघाले.

धर्माने एकदा प्रयत्न करून पाहिला, पण त्याचा आवाज भसाडा. बैलांनी मागे वळून असं पाहिलं की त्याने पुन्हा तोंड उघडलं नाही. तेव्हा डोंबिवलीपर्यंत कुईं करायचं आणि खट् करायचं, सगळं माझ्याकडे आलं. खट् लवकर आलं तर बैल धावत. श्वास घ्यायला थांबलो तर ते थांबत. वाटेत एका शाळेचे पंतोजी भेटले, ज्यांना मी मागच्याच तपासणीत उच्चार स्पष्ट करा म्हणून बजावलं होतं. त्यांनी लवून नमस्कार केला.

"साहेब, इकडे कुठे?"

"कुईं… खट्," मी म्हटलं आणि पुढे गेलो.

गंमत अशी, की अर्धी वाट झाली आणि मला भूक लागली. साधी नव्हे, कडकडून. कित्येक महिन्यांत तशी लागली नव्हती. का लागली, ह्याचा विचार करायला सवड नव्हती, कारण तोंड कामात होतं.

आता हे ध्यानात घ्या, की मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरी जेवत नाही. आमच्यात तर पाणीसुद्धा घेत नाहीत. जेवणवेळी जाऊही नये. आणि आम्ही पोचलो ते ऐन जेवणवेळी.

गाडी अंगणात थांबली. ओटीवर व्याही आणि विहीणबाई उभ्या, कपाळाला आठ्या. आवाज त्यांनी कोसभरावरून ऐकला होता. मी थकलो होतो, घसा सुकला होता, कानात कुईं-खट् घुमत होतं. मी उतरलो, जोडे काढले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझं तोंड आपोआप बोलून गेलं,

"भात झाला का?"

व्याह्यांच्या दारात. मुलीच्या बापाने.

व्याह्यांच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला. सावरायला म्हणून मी म्हटलं, "म्हणजे, पीक कसं काय झालं, असं विचारत होतो."

"वैशाखात?" व्याही म्हणाले.

तेवढ्यात आतून, माजघरातून, आवाज आला, "पानं घेतली आहेत."

जानकीचा आवाज. सासरच्यांना वाढायची तयारी ती करत होती. चाक ऐकलं, प्रश्न ऐकला, आणि तिच्याही तोंडून निघून गेलं. पण शब्द आणि सूर तिच्या आईचे होते. मी जोडा हातात धरून तसाच उभा राहिलो.

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आतल्या दाराकडे पाहिलं. मग गाडीकडे वळून म्हणाल्या, "गाडी दुरुस्त केली, असा निरोप होता. मग हा आवाज?"

"गाडीचा नव्हे. मी काढत होतो," मी म्हटलं आणि बैलांचं सगळं सांगून टाकलं. आता लपवायला राहिलं काय होतं?

त्या बाई कधी हसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी पदर तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही. मग म्हणाल्या, "ऊन उतरलं की न्या हिला. इथे काही तुम्हाला वाढता येत नाही, आणि तिथे कोणी वाढलं तरी तुम्ही जेवत नसाल. दिसतंच आहे. पण वाटेत पोरीला हसवू नका. सातवा महिना आहे. गाडीचे धक्के परवडतील, हे नव्हे."

परतीला आवाज जानकीने काढला. माझ्यापेक्षा पुष्कळ चांगला. बैल असे चालले, की धर्माला झोप लागली. तळ्याच्या वळणावर आलो तेव्हा आक्काने भात चढवला, आणि त्या रात्री मी तो पुन्हा मागून घेतला. आक्का माझ्या कपाळाला हात लावून ताप बघून गेली.

पुढे ते बैल म्हातारे झाले, नवी जोडी आली. ती आवाजाशिवाय मुकाट चालते. आखही झिजला आणि कुईं-खट् हळूहळू परत आलं. धर्मा वंगणाचं भांडं घेऊन आला, तेव्हा मी त्याला डाव्या चाकापाशी जाऊ दिलं नाही.

गोविंदपंतांनी ओट्यावरून विचारलं, "आता हे कोणत्या बैलासाठी, दिपोटी?"

मी जोडे काढले आणि आत विचारलं, "आक्का, भात झाला का?"