तीन माणसांचं मीठ

घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस घरी स्वयंपाक करतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. त्याची बायको मुलींच्या वसतिगृहात मुख्य स्वयंपाकीण. चारशे जणींना जेवू घालून घरी आली की म्हणायची, "आता मला शेगडीचं तोंडसुद्धा दाखवू नका." म्हणून लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात त्याने झारा हातात घेतला, तो तीस वर्षं खाली ठेवला नाही. तसा तो मुखदुर्बळ. दुकानात गिऱ्हाईक जरा आवाज चढवून बोललं की त्याची बोबडी वळायची. पण घरी ओट्यापाशी उभा राहिला की पाठ ताठ. मीठसुद्धा घड्याळातला बारीक स्क्रू उचलावा तसं उचलायचा.

शनिवारी बायको निवृत्त झाली. रविवारी दुपारी लेकीने टीव्हीवर एक हलकाफुलका सिनेमा लावला. त्यात हॉटेलातली म्हातारी स्वयंपाकीण काम सोडून घरी येते, नवऱ्याला स्वयंपाकघरातून हुसकावते आणि तिच्या हातच्या पहिल्याच घासाला सगळं कुटुंब टाळ्या पिटतं. नवरा पिठाने माखलेला, तोंड वासून बघत राहतो.

लेकीची हसून मुरकुंडी वळली. "बाबा, हे अगदी तुम्हीच! आता तुमची कायमची सुट्टी."

"हं," तो म्हणाला. त्याला हसू काही येईना. ओटा गेला तर या घरात आपलं उरलं काय, एवढंच डोक्यात घोळत होतं.

सिनेमा संपताच बायको उठली. "बटाट्याचं सूप करते. आज तुम्ही बसा हो."

तो बसला कसला! दारात जाऊन उभा राहिला. बघता बघता तिने तीन बटाटे चिरले. काय तो हात! मग तिने मिठाच्या डब्यात हात घातला आणि मूठ भरून बाहेर काढली. एवढ्याशा पातेल्यात! 'अगं, अगं' त्याच्या अगदी ओठांवर आलं. त्याने ते गिळलं. मूठ पातेल्यात रिकामी झाली.

जेवायला बसल्यावर लेकीने पहिला चमचा तोंडात घातला आणि पाण्यावर झडप घातली. "आई गं! समुद्र आहे हा!"

बायकोने चाखून पाहिलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. "चारशे पोरी बोटं चाटायच्या, आणि मला तीन माणसांचं मीठ घालता येऊ नये?"

तो मान खाली घालून सूप पीत होता.

"पिऊ नका ते. आणि काय हो, तुम्ही दारातच होतात ना? दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग तोंडाला काय कुलूप होतं?"

त्याचे कान लाल झाले. "वाटलं... तुला जमलं, तर मग माझं इथे काय काम?"

लेक हसायची थांबली. बायकोने चमचा खाली ठेवला.

"दिवसभर लोकांना वाढून मी घरी यायचे, ते इथे कुणीतरी मला वाढतं म्हणून. आणि तुम्ही एका सिनेमापायी मला तोंडघशी पाडलंत!"

"चुकलं माझं."

"चुकलंच. उठा आता. किती घालायचं ते दाखवा."

"आत्ता?"

"मग काय, मुहूर्त काढायचा?"

तिने पुन्हा बटाटे चिरले. त्याने तिच्या तळव्यावर दोन चिमट्या मीठ ठेवलं.

"एवढंच? चिमणीला तरी पुरेल का?"

"घाल तर खरं."

ओटा एका माणसाच्या मापाचा. कोपराला कोपर लागत होतं.

"सरका की जरा," ती म्हणाली.

"तूच सरक," तो म्हणाला, आणि आपण असं बोललो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.