जीपमध्ये रूथजवळ कोण होतं?

मुलांनो, दानिएलआजोबा गेल्याचं मी तुम्हाला फोनवर दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन ठेवून दिला. आज पाच आठवडे झाले. तेव्हा सांगितलं नाही ते आता लिहिते.

माझे हे धाकटे दीर अंबडला एसटीत कंडक्टर होते. आवाज खणखणीत. त्यांनी शास्त्रपाठ वाचायला घेतला की मागच्या बाकावरची पोरंही गप्प व्हायची. उपासनेआधी चर्चच्या दारात उभं राहून म्हणायचे, "चला, पुढं सरका, स्वर्गात लई जागा हाय!" पाळकसाहेबांना हसू दाबावं लागे.

त्यांची एकुलती मुलगी रूथ तापाने फणफणली तेव्हा ते ड्यूटीवर होते. लीलाने, त्यांच्या बायकोने, तिला जीपमध्ये घालून जालन्याकडे नेलं. पोर वाटेतच गेली... एकोणीस वर्षांची.

कोणत्या रविवारी कोणी काय वाचायचं, ही वर्षाची यादी मी करत असे. रूथनंतरच्या चौथ्या रविवारी भाऊजींचं नाव होतं, आणि देव डोळा न मिटता आपल्याला राखतो, अशा अर्थाचं स्तोत्र. पाळी बदलता आली असती. मी बदलली नाही. क्रम म्हणजे क्रम; शिवाय त्या ओळींनीच त्यांना धीर येईल असं मला वाटलं. त्यांनी तीन ओळी वाचल्या, पुस्तक मिटलं आणि बाहेर निघून गेले.

दुपारी मी त्यांच्या घरी गेले ती भांडायलाच. "देव कसा आहे हे त्यानेच लिहून दिलंय, भाऊजी. आपण कोण शंका घेणारे?"

"वहिनी, वेळापत्रक आमचंबी छापील असतंय. पण गाडीची वाट स्टँडवर उभं राहून पाहावी लागते. मी उभा हाय... अन् तुम्ही मला वेळापत्रकच दाखवून राह्यल्या."

"म्हणजे शास्त्र खोटं?"

"खोटं कोण म्हणतंय? पण सगळा देव त्यात मावला न्हाई."

घरी येऊन मी यादीतून त्यांचं नाव खोडलं. शिक्षाच होती ती. सहा वर्षं ते दर रविवारी मागे येऊन बसत, आणि मी एकदाही त्यांना वाचा म्हटलं नाही.

शेवटची भेट जालन्याच्या इस्पितळात. लीला औषधं आणायला खाली गेली होती. धाप लागत असताना त्यांनी विचारलं, "वहिनी, जीपमध्ये तो रूथजवळ होता का?"

मी बायबलसाठी पिशवीत हात घातला. पान मला पाठ होतं.

"पुस्तक नका काढू. तुम्ही सांगा."

मी हात पिशवीतून बाहेर काढला. "मला माहीत नाही, भाऊजी."

"बराबर. आज वहिनी पहिल्यांदा बिनापुस्तकाच्या बोलल्या." ते हसायला गेले आणि खोकल्याची उबळ आली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. उत्तर न मिळताच गेले, हे मला सोसत नाही.

हल्ली रविवारी मी लीलाकडे जाते. ती मला त्यांच्या लोखंडी खाटेवर बसवते. फारसं बोलणं होत नाही. परवा मात्र मी तिला त्यांचा तो प्रश्न सांगितला.

"मला कधी विचारलंच न्हाई त्यांनी," ती म्हणाली. "पोरीचं डोकं माझ्या मांडीवर होतं, अक्का."

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

खाटेवरची चादर ती हाताने सारखी करत राहिली.

"मी होते म्हणून सांगितलं असतं. दुसरं कोण होतं ते मला दिसलं न्हाई."