जहीरभाईनं बंद केलेली मशीन

मारेगावच्या स्टँडमागं जहीरभाईचं कॉम्प्रेसर दुरुस्तीचं दुकान होतं. कापसाच्या जिनिंगमधली यंत्रं, टायरवाल्यांच्या टाक्या, हवेवर चालणारं सगळं त्याच्याकडंच यायचं. २००६ साली कापसाचं पीक असं बुडालं की दोन जिनिंगा उघडल्याच नाहीत, आणि हा माणूस रिकामा राहू लागला. रिकामपण त्याला मानवत नसे. गल्लीतल्या कोणाचाही कुकर, पंखा, सायकल तो न विचारता उचलून न्यायचा.

म्हणूनच मागच्या आळीतली तानाबाई घागर घेऊन त्याच्याकडं आली. तिच्या विहिरीच्या पाण्याला वास येत होता. तिनं दोन ठिकाणी तक्रार केली होती, तिथं तिला घागर घासायला सांगितलं होतं. जहीरभाईनं पाणी हुंगलं आणि पेट्रोल आहे म्हणाला. विहिरीपलीकडं एक पेट्रोल पंप कित्येक वर्षं बंद पडलेला होता, पण त्याची टाकी जमिनीतच होती. जहीरभाईनं तहसीलीत अर्जावर अर्ज केले. चौथ्या अर्जाला तपासणी झाली, टाकीला भोक सापडलं. पंपाच्या मालकाला सफाई करून देणं भाग पडलं आणि नागपूरहून शाल्मली नावाची तरुण इंजिनियर आली.

तिनं लोकांना समजावलं. पाण्याच्या पातळीखाली नळ्या उतरवायच्या आणि हवा सोडायची. बुडबुडे वर येताना पेट्रोल सोबत आणतात, वरच्या नळ्या ती वाफ ओढून घेतात. उरलंसुरलं मातीतले जिवाणू खातात, त्यांनाही हवा लागतेच. लोक हसले. जहीरभाईनं एवढंच विचारलं, की या कॉम्प्रेसरच्या हवेत तेल उतरतं का? उतरत असेल तर एक घाण काढायला दुसरी घालणं होईल. शाल्मलीनं बिनतेलाची मशीन मुद्दाम मागवली होती. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. त्याच दिवशी तिनं मशीन त्याच्या हवाली केली.

तीन आठवडे सगळं ठीक चाललं. एका दुपारी तो तानाबाईकडं टँकरचं पाणी मागायला गेला आणि उंबऱ्यातच थांबला. घरात तोच वास होता, आणि ती चूल पेटवायला बसली होती.

"माय, काडी ओढू नोको. बाहीर ये."

त्याच्या आवाजात असं काही होतं की तानाबाई काडेपेटी तिथंच टाकून उठली. त्यानं दारं-खिडक्या उघडल्या, आळीतल्या चुली विझवायला लावल्या आणि धावत जाऊन मशीन बंद केली. परवानगीशिवाय काम थांबवलं म्हणून पंपमालकाचा माणूस त्याला वाट्टेल ते बोलला. जहीरभाईनं चावी खिशात घातली आणि मशीनपाशी बसून राहिला.

शाल्मली संध्याकाळी पोहोचली. तिनं मोजमापं घेतली. वरची काळी माती चिकट असल्यानं हवेला सरळ वर येता आलं नव्हतं. ती मुरमातून आडवी सरकली होती आणि भेगांतून घरात निघाली होती. शाल्मली सगळ्यांसमोर म्हणाली, "चूक माझी आहे. भाईंनी बंद केली नसती तर आज घर पेटलं असतं."

तिनं वाफ ओढणाऱ्या नळ्या वाढवल्या, हवेचा दाब कमी केला. मशीन थोडा वेळ चालवायची, थोडा वेळ थांबवायची, असं ठरलं. रोज सकाळी जहीरभाई आधी घरोघरी हुंगून यायचा, मगच मशीन सुरू करायचा. बाया त्याची थट्टा करत, पण त्याच्यासाठी चहा ठेवत.

सव्वा वर्षानं पाण्याचे अहवाल लागोपाठ चांगले आले. शाल्मलीनं त्याला दुसऱ्या गावच्या कामावर बोलावलं. तो बाभुळगावला महिनाभर राहिला, तिथल्या दोघांना मशीन शिकवली आणि परतला. तिकडं करमत नाही म्हणाला.

तो आला त्या दिवशी तानाबाईनं विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजवली आणि वाटीभर दुकानात आणून दिली. डाळीला आता पेट्रोलचा वास येत नव्हता. जहीरभाईनं उभ्याउभ्याच वाटी संपवली.

"अजून आहे का, माय?"

तानाबाई पदर सावरत घराकडं वळली आणि डाळीचं भगोणंच घेऊन आली.