देवाला जामीन मिळेना

सासूने पंधरा दिवस माहेरी जाऊन राहावं हे सांगायला भावकीतले चार वडीलधारे आमच्या सोप्यात येऊन बसले, तेव्हा मला त्या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. मी कोल्हापूर शहरात, राजारामपुरीत वाढलेली, मॅट्रिक झालेली आणि तोंडाने फटकळ. सासरी आल्यावर मोठ्यांसमोर दाराआड उभं राहायचं आणि जीभ दाताखाली धरायची, एवढं मात्र कसंबसं शिकले होते. सातवा महिना लागला होता, त्यामुळे उभं राहणंही जड जात होतं.

माझ्या सासऱ्यांचा खून माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी झाला. शेताच्या बांधावरून भांडण पेटलं आणि त्यांच्या चुलत भावानेच त्यांना कुऱ्हाडीने मारलं. आमचे हे तेव्हा शाळकरी. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि कोर्टात बोट दाखवून सांगितलं. जन्मठेप झाली. शिक्षा ऐकल्यावर तो माणूस कोर्टाच्या आवारात ह्यांना म्हणाला होता, "भाईर आल्यावर तुझ्याकडं बघतो." आमच्या घरात हे वाक्य कुणी काढत नसे, पण विसरलंही कुणी नव्हतं.

आता त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि त्याने पॅरोल मागितला होता. येणार कुठे, तर स्वतःच्या घरी, आमच्यापासून दोन घरं पलीकडे. लवकरच फौजदार गावात येऊन आमची हरकत आहे का ते विचारणार होते. सासूने हरकत नाही म्हणून सांगायचं आणि लेकाला, सुनेला घेऊन गडहिंग्लजला माहेरी जायचं, असं भावकीने परस्पर ठरवून टाकलं होतं.

सासूबाईंचे थोरले चुलत सासरे, ज्यांना त्या मामा म्हणत, बशीतला चहा फुंकत त्यांना म्हणाले, "सूनबाई, त्यो आता पैल्यावानी ऱ्हायला न्हाय. जेलात माळ घातलीया त्येनं. झालं गेलं गंगेला मिळालं."

"लेकीचं लगीन हाय. बापानं अक्षता टाकाय नकोत व्हय?" दुसऱ्यांनी री ओढली.

"काठी मारल्यानं पानी तुटतंय व्हय? भावकी हाय ही," तिसरे म्हणाले.

चौथे नुसतेच मान हलवत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा ह्या बाईचा गेला आणि उदार हे होणार!

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या शेजारी दाराआड उभ्या होत्या. सासऱ्यांच्या नात्यातल्या माणसांशी सरळ बोलायची रीत नव्हती, म्हणून त्या माझ्याकडे तोंड करून, पण सोप्याला ऐकू जाईल असं बोलत. माझं काम फक्त उभं राहायचं.

"पोरी, इचार मामास्नी, त्यो खरंच सुदारलाय?"

मी काही विचारायच्या आत बाहेरून उत्तर आलं, "अगं, देवागत झालाय!"

"मग इचार, त्येला जामीन कोण ऱ्हानार?"

पॅरोलवर सोडायचं तर कुणीतरी जामीन लागतो. कैदी कुणाला त्रास देणार नाही आणि मुदतीत परत जाईल, अशी हमी त्याने घ्यायची. ती त्याची बायको घेईल, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

आत्याबाईंनी वाट पाहिली नाही. "मामा ऱ्हाऊद्यात जामीन. म्या ह्या घटकंला हरकत न्हाय म्हनून अंगठा देते. पर माझ्या ल्योकाच्या केसाला धक्का लागला तर जाब मामांनी द्यायचा."

मामांना एकाएकी स्वतःचं वय आठवलं. दुसऱ्यांची पोरं म्हणे त्यांचं ऐकत नव्हती. तिसरे पुटपुटले, "तापट मानूस, त्येचा भरवसा कोण देनार?" आणि चौथे उठून चप्पल शोधायला लागले. मी हसू दाबायला पदराचा बोळा तोंडात कोंबला.

तेवढ्यात आत्याबाई उंबरा ओलांडून बाहेर गेल्या आणि चौघांच्या समोर फरशीवर बसल्या. डोक्यावरचा पदर तसाच, पण तोंड सरळ मामांकडे.

"देवागत झालाय म्हनलासा न्हवं? मग देवाला जामीन मिळंना व्हय?"

चहा अर्धा टाकून मंडळी गेली.

आठवड्याने फौजदार आले. माणूस वाईट नव्हता. पण त्यांनीही तोच पाढा वाचला, "बाई, उगीच धोका कशाला? पंधरा दिवस माहेरी जा."

"सायेब, खून त्येनं केला, शिक्षा त्येला झाली. आन् गाव म्या सोडू? माझी सून पोटुशी हाय. तिला घिऊन कुटं फिरू?"

"मग हरकत आहे म्हणून लिहू?"

लिहा म्हणा, लिहा, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. पण आत्याबाई म्हणाल्या, "पोरीनं काय केलंय? तिचं लगीन बापानं बघावं. पर ह्या गावात न्हाय. वारणानगरला त्येचा मेव्हणा नोकरीला हाय, त्यो जामीन ऱ्हाऊदे. लगीन तितंच लावा. रोज चौकीत हजेरी द्यायची. आमची शीव वलांडली की परत आत. हे समदं लिवा, मग अंगठा घ्या."

मला राग आवरला नाही. फौजदारांसमोरच म्हणाले, "मला नाही पटत हे. का यावं त्याने?" आत्याबाई म्हणाल्या, "नको पटू दे." दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की ह्या बाईने कुणाचं काही हिसकावलं नव्हतं, फक्त स्वतःचं सोडलं नव्हतं. आजही पॅरोलवरून वाद निघाला की मी एवढंच विचारते, जामीन कोण, आणि गाव कुणी सोडायचं?

वरून हुकूम आला तो आत्याबाईंनी सांगितला तसाच. लग्नाच्या सकाळी सगळी भावकी फेटे बांधून ट्रकात चढली. जिला गाव सोड म्हणून सांगायला आले, ती आपल्या दारात उभी आणि सांगणारे उन्हातान्हात वारणानगरला! ट्रक दारावरून जाताना मामांनी मान खाली घातली. आत्याबाईंनी मला मध्ये न घेता सरळ हाक दिली, "मामा, दमानं जावा. ऊन लई हाय."

मुदत सरली, तो परत जेलात गेला. मग एका दुपारी त्याची मुलगी हिरवा चुडा घालून आमच्या दारात आली आणि आत्याबाईंच्या पाया पडली. खाली बघत म्हणाली, "काकी, बाबानं माफी मागितलीया."

आत्याबाईंनी तिला उठवलं. "माफीचा निरोप असतोय व्हय? शिक्षा सरल्यावर माझ्या ल्योकाला तोंडानं सांगूदे त्येला. तू मातुर येत जा, पोरी. हे घर तुला बंद न्हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिची वटी भर."

मी खण-नारळ घेऊन आले, तेव्हा आमचे हे तिला बसायला पाट मांडत होते.