क्रूसवाले शब्द

आमच्या घरात कुणी फार शहाणपणा करायला लागलं, की त्याला आजही 'डिक्शनरी काढ' म्हणतात. हे माझ्यावरून पडलेलं आहे, तेव्हा मीच सांगितलेलं बरं. बाकीचे तिखटमीठ लावतात.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती तेव्हा आम्ही काळाचौकीला चाळीत राहत होतो. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला, म्हणजे आमच्या मजल्यावरचा एकुलता एक विद्वान. आणि घरात माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच होती. वय एकोणतीस. परळच्या एका इस्पितळात नर्सचं शिक्षण मिळे, राहण्याजेवण्याची सोय होई. पण तिशीच्या आत प्रवेश घ्यावा लागे, आणि तोंडी परीक्षा इंग्रजीत असे. आत्या मराठी सातवी पास. यंदा जमलं नाही तर कोकणात थोरल्या दिरांकडे जायचं आणि जन्मभर त्यांची चूल फुंकायची. घरात हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. दिरांची पत्रं मात्र दर पंधरवड्याला येत होती.

तिला इंग्रजी शिकवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्याकडे गिरगावातल्या फुटपाथवरून घेतलेली एक जाडजूड डिक्शनरी होती. शंभरेक वर्षांपूर्वीची. पुठ्ठा नाही, सुरुवातीची पानं गळालेली, त्यामुळे आमचं इंग्रजी 'ए'च्या मध्यापासून सुरू होई. एकेका शब्दाला तीन-चार अर्थ, आणि त्यातल्या काही अर्थांपुढे बारीकसा क्रूस छापलेला. आता, शाळेत आम्ही महत्त्वाच्या प्रश्नापुढे फुली मारत असू. विलायतेत फुलीऐवजी क्रूस मारत असणार, एवढा साधा विचार मी केला आणि आत्याला फक्त क्रूसवाले अर्थ शिकवायला घेतले.

संध्याकाळी गॅलरीत शिकवणी चाले. नाइस म्हणजे मूर्ख. सिली म्हणजे पुण्यवान. गर्ल म्हणजे कुठलंही पोर, मुलगा का असेना. वर मी शब्दांची मुळंही सांगे. डॉक्टर म्हणजे मुळात शिकवणारा, पेशंट म्हणजे सोसणारा. तांदूळ निवडता निवडता आत्या म्हणाली, "मग आपल्या दोघांत डॉक्टर तू नि पेशंट मी." हॉस्पिटल हा शब्द पाहुण्यावरून आला, हे मात्र तिला पटलं नाही. पेशंट बरा झाला की घरी जातो, पाहुण्याचं तसं नसतं, असं तिचं म्हणणं. त्या आठवड्यात आमच्याकडे गावचे तिघे उतरले होते.

शेजारचे काका मोर्चाहून घसा बसवून येत आणि दारातूनच टोमणा मारत, की आम्ही मराठी राज्यासाठी बोंबलतोय आणि इथे राणीचा दरबार भरलाय. आत्या त्यांना शांतपणे 'काका, यू आर व्हेरी नाइस' म्हणे. काका खूश होऊन घरात जात.

परीक्षेला चार दिवस उरले असताना कॉलेजच्या लायब्ररीत मला तीच डिक्शनरी दिसली, अखंड. हौसेनं पहिली पानं उघडली. तिथे चिन्हांचा खुलासा होता. क्रूस म्हणजे, हा अर्थ आता प्रचारात नाही.

चार दिवस मी घरात तोंड उघडलं नाही. आईला वाटलं, आत्याच्या काळजीनं मुलगा सुकला. परीक्षेच्या सकाळी तिनं दहीसाखर आधी माझ्याच हातावर ठेवली.

आत्या आणि मी चालत निघालो. लालबागला मोर्चा आडवा आला, रस्ता ओलांडायला जागा नाही. आत्या कडेला उभी राहून ओठांतल्या ओठांत शब्द घोकत होती. ते मला बघवेना. घोषणांच्या गदारोळात निम्मं तिला ऐकू जाणार नाही, अशा आशेनं मी सगळं सांगून टाकलं. तिला सगळं ऐकू गेलं.

तिनं मोर्चाकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे दीड महिना मी मेलेल्यांची सेवा शिकले."

परत जाऊया का, असं मी विचारलं. आत्या रागावली की मालवणीत शिरे.

"गप रव मेल्या. आता मागे फिरूचा नाय."

आत काय झालं ते तिनं परतीच्या वाटेवर सांगितलं. मी तिला बजावलं होतं, की उलट प्रश्न कधी विचारायचा नाही आणि काहीही विचारलं तरी मी लिहून दिलेलं अर्ध्या पानाचं भाषण म्हणायचं. मॅट्रनबाईंनी विचारलं, पेशंट जेवत नसेल तर काय कराल? आत्याला 'पेशंट' आणि 'नॉट ईट' एवढंच कळलं. भाषणही त्याच डिक्शनरीतलं असणार, म्हणून तिनं ते जागेवरच टाकलं आणि उलट विचारलं, "व्हाय नॉट ईट?" मॅट्रनबाई म्हणाल्या, त्याला घर आठवतंय. "हू कमिंग?" त्याला भेटायला कुणी येत नाही. तिथे आत्याचं इंग्रजी संपलं. मग तिनं मराठीतच सांगितलं, की आधी त्याच्याजवळ बसेन, ताटाचं नंतर बघेन. मॅट्रनबाई माझगावच्या, त्यांना मराठी उत्तम येत होतं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या बाईला बोलावलं. आपलं नाव खोडलं, असंच आत्या धरून चालली.

त्यानंतर आधी दिरांचं पत्र आलं, की पौर्णिमा झाली की न्यायला येतो. मग इस्पितळाचं आलं, इंग्रजीत. मी हात पुढे केला, तिनं दिलं नाही. गॅलरीत उजेडाला उभी राहून ती एकेका शब्दाखाली बोट धरून वाचत गेली. आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. मधेच बोट थांबलं.

"प्रोबेशनर म्हणजे काय?"

मी घसा साफ केला. हा शब्द मुळात लॅटिन, प्रोबारे म्हणजे पारखणे, सोन्याची जशी—

"मूळ राहू दे रे. घेतली की नाही तेवढं सांग. मला ट्रंक भरायचीय."

"घेतलीय," मी म्हटलं. "शिकाऊ म्हणून. सोमवारी हजर व्हायचंय."

आत्यानं पत्राची घडी घातली, माझ्या वहीतलं कोरं पान फाडून घेतलं आणि ती दिरांना उत्तर लिहायला बसली.