सुर्रअप्पांची जीभ

कारखान्यात अप्पांना नुसतं अप्पा कुणी म्हणत नसे. चमच्यातला चहा ते असा ओढत, सुर्रर्र, की दोन खोल्या पलीकडे पत्ती चाळणाऱ्या बायका म्हणत, "बसले सुर्रअप्पा पूजेला." घोट तोंडात घोळवायचा, उंच पिकदाणीत पिचकन टाकायचा आणि निकाल द्यायचा. डोंगरमाथ्यावरची पत्ती त्यांच्या जिभेवरून गेल्याशिवाय पेटीत पडत नसे; मग बोटीत बसून कुठल्या कुठे जाई. "ही नव्या सुनेसारखी. आधी गप्प, मग तोंड उघडलं की थांबायचं नाव नाही. पाठवा परदेशी." किंवा, "याच्यापेक्षा आमच्या हिनं रागाच्या भरात केलेला बरा."

एका हिवाळ्यात तापाने अप्पा अंथरुणाला खिळले. उठले तेव्हा साबणाला वास नव्हता. शेगडीवर दूध करपलं, तेही बायकोच्या ओरडण्यावरून कळलं. अप्पांनी तोंडातून ब्र काढला नाही. टेबलाशी बसून तेच सुर्रर्र, तेच विनोद. पारख मात्र डोळ्यांनी, चहाच्या रंगावरून. शेजारी त्यांची लेक नमुने मांडायची. तिने काय ते ओळखलं. एखादा चहा बिघडलेला वाटला की ती त्याचं भांडं बोटभर मागे सरकवी. अप्पा त्याला नापास करत. दोघं यावर कधी बोलले नाहीत.

वर्षाची पहिली, सगळ्यात नाजूक पत्ती आली, तेव्हा नेमकी लेक तापलेल्या मुलापाशी घरी होती. त्यात पत्ती वाळवायच्या भट्टीला तडा गेला आणि एका घाण्यात धूर शिरला. धुराच्या वासाला रंग नसतो. चहा तांब्यासारखा लखलखीत उतरला. "वा," अप्पा म्हणाले, "हा घाणा त्या पहिल्या पत्तीतच मिसळा."

बोट गेली. मग परदेशातल्या गिऱ्हाइकाचा फोन आला: सगळ्या मालाला धुराचा वास, घेऊन जा परत.

मॅनेजरने त्या मालाचा मागे ठेवलेला नमुना काढून त्याचा चहा टेबलावर मांडला. दारातल्या शिपायाने नाकाला रुमाल लावला. अप्पांनी सुर्रर्र केलं.

"कुठाय धूर? चांगला तर आहे."

कुणी हसलं नाही.

"अप्पा, थट्टा करताय का?" मॅनेजरने हळूच विचारलं.

लेक पुढे झाली. "साहेब, चूक माझी. भांड्यांची अदलाबदल माझ्याच हातून झाली."

"तू त्या दिवशी घरी होतीस, बाळ," अप्पा म्हणाले. "खोटं बोलायचं तर आधी बापाकडून शीक." मग मॅनेजरकडे वळून, "मला वास येत नाही, साहेब. तापापासून. चव पण नाही."

"अहो, आधी सांगायचं ना."

"आधी सांगितलं असतं तर या खुर्चीवरून उठवलं असतंत."

मॅनेजरने अप्पांपुढचा चमचा उचलून लेकीच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवसापासून अप्पांच्या खुर्चीवर लेक बसली. अप्पा तिच्या हाताखाली पाणी उकळायला लागले. पुढच्या वर्षी पहिली पत्ती आली. लेकीने घोट घेतला, अगदी बेताच्या आवाजात.

"कशी आहे गं?"

"चांगली आहे."

"चांगली काय? नीट सांग."

लेकीने डोळे मिटले. "आधी जरा तुरट. मग मधासारखी. आणि टाकून दिली तरी गळ्यात गारवा राहतो."

"म्हणजे तुझ्या लग्नाच्या वर्षी होती तशी?"

"अगदी तशीच, अप्पा."

अप्पांनी जीभ टाळूला लावून पाहिली. मध म्हणजे कसं, गारवा म्हणजे कसला, काही केल्या आठवेना.

"आठवली ना?" लेकीने विचारलं.

"न आठवायला काय झालं," अप्पा म्हणाले आणि रिकामी किटली घेऊन नळाकडे गेले. बराच वेळ नळ नुसता वाहत होता.